कार्ल श्मिट वाचताना : एका ज्युनिअरच्या प्रश्नाला उत्तर

१८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापुरात मुंबई उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच सुरू झाले आणि जिल्हा न्यायालयात आयुष्य काढलेल्या आमच्यासारख्या वकिलांच्या वाचनाची दिशा बदलली. दिवाणी दावे, मनाई हुकूम, वाटपाच्या दरखास्ती यांत मुरलेल्या माणसाला राज्यघटनेचे अनुच्छेद परीक्षेपुरते आठवत असतात; रिट याचिका करायची म्हटल्यावर ते पुन्हा मुळापासून वाचावे लागतात. म्हणून राजारामपुरीतील माझ्या कार्यालयात दर शनिवारी संध्याकाळी सहा-सात ज्युनिअर वकिलांना घेऊन मी घटनाविषयक निकालांचे वाचन सुरू केले. केशवानंद भारती खटल्यापाशी आम्ही पाच शनिवार थांबलो. पाचव्या शनिवारी, मूलभूत चौकटीच्या, म्हणजे संसद घटनेत दुरुस्ती करू शकते पण तिचा गाभा मोडू शकत नाही या, सिद्धान्तामागे असलेल्या जर्मन विचाराविषयी मी बोलत असताना कार्ल श्मिट या जर्मन घटनापंडिताचे नाव आले आणि गडहिंग्लजकडच्या एका ज्युनिअर मुलीने वही मिटून विचारले, "मॅडम, ज्याने हिटलरने केलेले खून कायदेशीर ठरवले, त्याच माणसाच्या पुस्तकातला मुद्दा आपल्या घटनेच्या रक्षणासाठी वापरलाय, हे तुम्हाला खटकत नाही का?"

मी त्या दिवशी दिलेले उत्तर वकिली स्वरूपाचे होते. विचार कोणाचा आहे यापेक्षा तो काय आहे हे पाहावे, असे काहीतरी मी म्हणाले. घरी येताना मलाच ते पटले नाही. त्यानंतरचे काही महिने मी श्मिटची भाषांतरित पुस्तके आणि त्याच्याविषयीचे लेखन वाचण्यात घालवले, आणि आता त्या मुलीला नीट उत्तर देता येईल असे वाटते. ते येथे लिहून ठेवत आहे.

कार्ल श्मिटचा जन्म ११ जुलै १८८८ रोजी जर्मनीच्या वेस्टफालिया भागातील प्लेटेनबर्ग या लहान गावी झाला. परिसर प्रोटेस्टंटांचा, घर कॅथलिकांचे. आपण अल्पसंख्य आहोत ही जाणीव त्याला बालपणापासून होती, आणि पुढे बहुसंख्यांच्या एकजिनसीपणाचे तत्त्वज्ञान त्याने रचले हे लक्षात घेतले तर ही गोष्ट विसरता येत नाही. बर्लिन, म्युनिक आणि स्ट्रासबुर्ग येथे त्याने कायद्याचा अभ्यास केला आणि १९१० मध्ये स्ट्रासबुर्गला डॉक्टरेट मिळवली. पहिल्या महायुद्धात तो म्युनिकच्या लष्करी मुख्यालयातील कचेरीत होता. तेथे युद्धकाळातील निर्बंधांचे काम चालत असे, म्हणजे काय छापू द्यायचे आणि काय अडवायचे याचे निर्णय. सामान्य कायदा बाजूला ठेवून राज्य कसे चालते हे त्याने टेबलाच्या आतल्या बाजूने पाहिले. युद्ध संपल्यावर १९१९ मध्ये त्याच म्युनिकमध्ये क्रांती आणि प्रतिक्रांती त्याने पाहिली. त्याच्या साऱ्या विचाराचे मूळ मला या दोन अनुभवांत दिसते.

पहिल्या महायुद्धानंतर जर्मनीत आलेल्या वायमार प्रजासत्ताकाच्या घटनेत अनुच्छेद ४८ होता. सार्वजनिक सुरक्षितता आणि सुव्यवस्था धोक्यात आली तर राष्ट्राध्यक्षाला लष्कर वापरण्याचा आणि काही मूलभूत हक्क तात्पुरते स्थगित करण्याचा अधिकार त्यातून मिळत असे. पहिला राष्ट्राध्यक्ष फ्रीडरिश एबर्ट हा समाजवादी लोकशाहीवादी होता, तरीही त्याच्या कारकिर्दीत हा अनुच्छेद शंभराहून अधिक वेळा वापरला गेला. १९२१ मध्ये श्मिटने हुकूमशाहीच्या संकल्पनेवर पुस्तक लिहिले, आणि १९२२ च्या पुढच्या पुस्तकाची सुरुवात ज्या वाक्याने केली ते वाक्य आजही जगभरच्या कायद्याच्या वर्गांत उच्चारले जाते : सार्वभौम तो, जो अपवादात्मक परिस्थितीविषयी निर्णय घेतो.

या वाक्यात वजन आहे, आणि ते नाकारून आपण त्याला उत्तर देऊ शकत नाही. कायदा नेहमीच्या परिस्थितीसाठी लिहिलेला असतो. पूर, दंगल, युद्ध, बंड अशा वेळी नेहमीची परिस्थिती संपली आहे की नाही हे कायद्याचे पुस्तक आपण होऊन सांगत नाही. ते कोणीतरी ठरवावे लागते. कोल्हापूरकरांना हे समजावून सांगावे लागत नाही. जिल्हाधिकाऱ्यांचा जमावबंदी आदेश निघाला की लोक अजूनही "१४४ लागली" असे म्हणतात, जरी नव्या संहितेत ते कलम १६३ झाले आहे. चौकात पाच माणसे उभी राहणे काल कायदेशीर होते, आज नाही. मध्ये घडले ते एवढेच, की एका अधिकाऱ्याने परिस्थिती बदलली आहे असा निर्णय घेतला. श्मिट म्हणतो, खरी सत्ता कोणाकडे आहे हे अशाच क्षणी दिसते. इतर वेळी ती नियमांच्या आड झाकलेली असते. यातले निरीक्षण खरे आहे. पण आमच्याकडे त्या आदेशाची मुदत ठरलेली असते, त्याला लेखी कारणे द्यावी लागतात आणि त्याला आव्हान देता येते. श्मिटला हे सारे निर्णयाला चिकटलेले दुय्यम सोपस्कार वाटत होते. मला, एक वकील म्हणून, राज्य आणि टोळी यांतला फरक या सोपस्कारांतच दिसतो.

त्याची दुसरी प्रसिद्ध कल्पना १९२७ च्या निबंधात आली आणि १९३२ मध्ये वाढवून पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली. नीतिशास्त्रात जसा चांगले आणि वाईट हा मूळ भेद, सौंदर्यशास्त्रात जसा सुंदर आणि कुरूप हा, तसा राजकारणाचा मूळ भेद मित्र आणि शत्रू हा आहे, असे त्याचे म्हणणे. त्याच्या व्याख्येतला शत्रू दुष्ट असण्याची गरज नाही, कुरूप असण्याची गरज नाही, धंद्यातला प्रतिस्पर्धी असण्याचीही नाही. तो परका आहे आणि टोकाच्या प्रसंगी त्याच्याशी जिवावरचा संघर्ष होऊ शकतो, एवढे पुरेसे. श्मिट यावर काळजीपूर्वक पुस्ती जोडतो की हा शत्रू सार्वजनिक आहे, खाजगी नाही. लॅटिन भाषेत या दोघांना होस्टिस आणि इनिमिकस असे निरनिराळे शब्द आहेत, आणि शत्रूवर प्रेम करा ही बायबलची आज्ञा दुसऱ्यापुरती आहे, पहिल्याला ती लागू नाही, असे तो लिहितो. थंड डोक्याने वाचले तर हे केवळ वर्णन वाटते, आणि हेच त्या पुस्तकाचे सर्वांत धोकादायक सामर्थ्य आहे. राजकारण कसे असते हे सांगता सांगता, राजकारण असेच असले पाहिजे, शत्रू नसेल तर समाज राजकीयच उरत नाही, येथपर्यंत तो वाचकाला घेऊन जातो.

हे वाचताना मला ७ जून २०२३ चा दिवस सारखा आठवत राहिला. समाजमाध्यमांवरच्या स्टेटसवरून शहर पेटले होते. शिवाजी चौकात जमाव जमला, दगडफेक झाली, पोलिसांनी लाठीमार केला, अश्रुधूर सोडला आणि इंटरनेट बंद करण्यात आले. मी कसबा बावड्याच्या न्यायालयातून दुपारी घरी आले आणि दार लावून बसले. संध्याकाळी माझ्या एका अशिलाचा फोन आला. एका जुन्या दुकानगाळ्याचे ते मालक, आणि गेली अकरा वर्षे मी त्यांच्या वतीने भाडेकरूविरुद्ध कब्जाचा दावा चालवत होते. भाडेकरू मुसलमान. या अकरा वर्षांत त्या दोघांनी एकमेकांविषयी प्रतिज्ञापत्रांत जे लिहून दिले ते वाचवत नाही, आणि बोलणे व्हायचे ते फक्त दोन वकिलांमार्फत. मालकांनी विचारले, "बाई, त्यांचा नंबर माझ्याकडे नाही. समोरच्या वकिलांना विचारून सांगता का, ते माणसांसकट घरी पोहोचले का?" मी विचारले, आणि पोहोचले असल्याचे कळवले. दुसऱ्या महिन्यात दाव्याची तारीख होती; दोघेही पूर्वीच्याच त्वेषाने भांडले.

न्यायालय काय करते हे मला त्या फोनने जितके कळले तितके कोणत्याही पुस्तकाने शिकवले नव्हते. ते माणसांमधले भांडण संपवत नाही. ते शत्रूला प्रतिवादी करते. प्रतिवादीला नोटीस द्यावी लागते, त्याचे म्हणणे ऐकावे लागते, त्याच्या साक्षीदाराची उलटतपासणी घ्यावी लागते, आणि हरला तरी त्याला अपील असते. श्मिटच्या जगात या प्रतिवादीला जागाच नाही. त्याच्या मते उदारमतवादाने शत्रूला अर्थकारणात स्पर्धक आणि विचारक्षेत्रात वादातला प्रतिपक्षी करून टाकले, आणि हा त्याला ऱ्हास वाटतो. मला ती माणसाने कष्टाने कमावलेली गोष्ट वाटते.

आता मी त्या मुद्द्याकडे येते जेथे, माझ्या समजुतीप्रमाणे, हा विचार निर्णायकपणे वळतो. अनेक अभ्यासक श्मिटचे १९३३ पूर्वीचे लेखन आणि नंतरचे वर्तन यांच्यामध्ये भिंत घालतात : आधी प्रखर विचारवंत, नंतर संधिसाधू. भिंत घालण्यासारखे काही आहे हे खरे. १९३२ च्या उन्हाळ्यात प्रसिद्ध झालेल्या पुस्तकात, कायदेशीर मार्गाने सत्तेत येऊन मागचे दार लावून घेणाऱ्या पक्षांना समान संधी देणे घटनेला आत्मघातकी ठरेल, असा इशारा त्यानेच दिला होता. पण संसदीय लोकशाहीवर टीका करणाऱ्या १९२३ च्या त्याच्या पुस्तकाला १९२६ मध्ये जोडलेली प्रस्तावना वाचा. लोकशाहीला एकजिनसीपणा लागतो, आणि गरज पडल्यास विजातीयांना वगळणे किंवा नष्ट करणे लागते, असे तो तेथे लिहितो, आणि उदाहरण म्हणून तुर्कस्तानातून झालेली ग्रीकांची हकालपट्टी देतो. हिटलर सत्तेत येण्याला तेव्हा सात वर्षे अवकाश होता. त्या ओळीसाठी त्याच्यावर कोणाची सक्ती नव्हती.

एकजिनसीपणाचा हा प्रश्न टाळता येण्यासारखा नाही, कारण परस्परांशी काहीच नाते नसलेल्या माणसांची लोकशाही टिकत नाही हे डॉ. आंबेडकरांनाही मान्य होते. २५ नोव्हेंबर १९४९ च्या संविधान सभेतील भाषणात, बंधुता नसेल तर समता आणि स्वातंत्र्य हे रंगाच्या पुटाहून खोल असणार नाहीत, असे त्यांनी सांगितले, आणि जातींना त्यांनी राष्ट्रविरोधी म्हटले. म्हणजे रोगाचे नाव दोघांनी जवळपास एकच घेतले. उपाय मात्र विरुद्ध टोकांचे. श्मिट म्हणतो, जो वेगळा आहे त्याला बाहेर काढा म्हणजे एकी होईल. आंबेडकर म्हणतात, ज्याला आजवर बाहेर ठेवले त्याला आत घ्या, कारण त्याशिवाय एकी नाही. आमच्या करवीर संस्थानात २६ जुलै १९०२ रोजी शाहू महाराजांनी मागासलेल्या वर्गांसाठी निम्म्या नोकऱ्या राखून ठेवण्याचा हुकूम काढला, तोही याच दुसऱ्या प्रकारचा निर्णय होता. मार्च १९२० मध्ये माणगावच्या परिषदेत शाहू महाराज आणि तरुण आंबेडकर एका मंडपात बसले, त्या वेळी श्मिट तिकडे हुकूमशाहीवरच्या पुस्तकाकडे वळत होता. या दोन गोष्टी शेजारी ठेवल्या की मला कोल्हापूरचा अभिमान वाटतो, आणि तो लपवण्याचे कारण दिसत नाही.

वकिलांनी श्मिटच्या आयुष्यातला एक खटला अवश्य वाचावा. २० जुलै १९३२ रोजी चॅन्सेलर फ्रान्झ फॉन पापेन याने राष्ट्राध्यक्ष हिंडेनबुर्गच्या सहीने अनुच्छेद ४८ वापरून प्रशियाचे सरकार बाजूला केले आणि आयुक्त म्हणून स्वतःच कारभार हाती घेतला. प्रशिया म्हणजे जर्मनीच्या लोकसंख्येचा सुमारे तीन पंचमांश भाग, आणि तेथे ओटो ब्राउन या समाजवादी लोकशाहीवादी नेत्याचे सरकार होते. निमित्त झाले ते तीन दिवसांपूर्वी आल्टोना येथे झालेल्या हिंसाचाराचे. हा वाद लाइपझिगच्या न्यायालयात गेला तेव्हा केंद्राच्या वतीने उभ्या राहिलेल्या वकिलांत श्मिट होता. समोर, प्रशियाच्या विधिमंडळातील समाजवादी गटाच्या बाजूने, हेरमान हेलर होता. २५ ऑक्टोबर १९३२ च्या निकालाने दोन्ही बाजूंना थोडे थोडे दिले : ब्राउनचे मंत्रिमंडळ केंद्रातील राज्यसभेत प्रशियाचे प्रतिनिधित्व करत राहील, परंतु प्रत्यक्ष कारभार आयुक्ताकडेच राहील. तीन महिन्यांनी, ३० जानेवारी १९३३ रोजी, हिटलर चॅन्सेलर झाला आणि प्रशियाचे पोलीस आयतेच हिटलरचा सहकारी ग्योरिंग याच्या हाती आले.

आपल्याकडील वाचकाला हे सारे ओळखीचे वाटेल, कारण आपल्या घटनेतही अनुच्छेद ३५६ आहे आणि राष्ट्रपती राजवट हा शब्द प्रत्येक मराठी माणसाने ऐकलेला आहे. संविधान सभेत आणीबाणीच्या तरतुदींवर चर्चा चालू असताना हरी विष्णू कामत यांनी वायमार घटनेचे नाव घेऊन धोक्याची सूचना दिली होती. आंबेडकरांनी ३५६ हा अनुच्छेद वापरात न येता मृतवत राहील अशी आशा व्यक्त केली होती. ती आशा फोल ठरली. तरीही ११ मार्च १९९४ रोजी बोम्मई खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने, बहुमताची परीक्षा विधानसभेच्या सभागृहातच व्हावी, राष्ट्रपतींच्या घोषणेची न्यायालय तपासणी करू शकेल आणि संसदेची संमती मिळेपर्यंत विधानसभा विसर्जित करता येणार नाही, असे ठरवले. लाइपझिगला जे ठामपणे म्हटले गेले नाही ते दिल्लीत बासष्ट वर्षांनी म्हटले गेले. सर्किट बेंचकडे जाण्याची तयारी करणाऱ्या माझ्या ज्युनिअरांना मी बोम्मई नेहमी प्रशियाच्या खटल्यासोबत वाचायला सांगते.

त्यापुढची तीन वर्षे लिहायला जड आहेत, पण ती लिहिल्याशिवाय श्मिटविषयी लिहिणे अप्रामाणिक होईल. १ मे १९३३ रोजी तो नाझी पक्षात दाखल झाला. त्याच्या थोडे आधी कोलोन विद्यापीठातून हान्स केल्सन याला ज्यू म्हणून काढण्यात आले. केल्सन हा ऑस्ट्रियाच्या १९२० च्या घटनेचा एक शिल्पकार. घटनेचा रक्षक न्यायालय असावे असे तो म्हणे, राष्ट्राध्यक्ष असावा असे श्मिट म्हणे, आणि १९३१ मध्ये या दोघांचा गाजलेला वाद झाला होता. असे असूनही श्मिटला कोलोनमध्ये प्राध्यापक म्हणून आणण्यास केल्सनने पाठिंबा दिला. केल्सनची बडतर्फी रद्द व्हावी म्हणून विधी विभागातील सहकाऱ्यांनी निवेदन दिले तेव्हा त्यावर एका प्राध्यापकाची सही नव्हती, ती श्मिटची. त्याच वर्षी तो प्रशियाचा राज्यसल्लागार झाला आणि बर्लिन विद्यापीठात गेला.

३० जून १९३४ च्या रात्री आणि पुढच्या दोन दिवसांत हिटलरने आपल्याच पक्षातील आणि बाहेरील विरोधकांची खटल्याविना हत्या करवली. ३ जुलैला एका वाक्याचा कायदा करून ती कृत्ये राज्याचा स्वसंरक्षणाचा हक्क म्हणून वैध ठरवण्यात आली. मारले गेलेल्यांत माजी चॅन्सेलर जनरल श्लायशर आणि त्याची पत्नी होती, आणि दोनच वर्षांपूर्वी याच श्लायशरच्या वर्तुळात श्मिटची ऊठबस होती. १ ऑगस्ट रोजी विधिज्ञांच्या नियतकालिकात श्मिटचा लेख आला. शीर्षकाचा अर्थ : नेता कायद्याचे रक्षण करतो. खरा नेता हा नेहमी न्यायाधीशही असतो, नेतृत्वातूनच न्याय करण्याचा अधिकार उगम पावतो, असे त्यात म्हटले होते. बारा वर्षांपूर्वीच्या त्या प्रसिद्ध वाक्याचे पुढचे पाऊल हेच होते. जो अपवाद ठरवतो तोच सार्वभौम, आणि त्याच्या निर्णयावर कोणीही न्यायाधीश नाही, असे एकदा मानले की शेवटी तोच न्यायाधीश होतो. १९३५ च्या न्यूरेंबर्ग वंशकायद्यांना त्याने स्वातंत्र्याची घटना म्हटले. ऑक्टोबर १९३६ मध्ये बर्लिनला त्याने कायद्यातील ज्यू प्रभावाविरुद्ध परिषद भरवली आणि ज्यू लेखकांची पुस्तके ग्रंथालयांत वेगळी काढावीत, त्यांचा हवाला देताना ते ज्यू असल्याचा उल्लेख करावा, अशी मागणी केली. करवीर नगर वाचन मंदिराच्या कपाटांसमोर उभी असताना एकदा मला हे आठवले, आणि पुस्तके जातवार लावलेले ग्रंथालय डोळ्यांसमोर आणण्याचा प्रयत्न मी मध्येच सोडून दिला.

डिसेंबर १९३६ मध्ये एसएस या नाझींच्या निमलष्करी संघटनेच्या मुखपत्राने त्याच्यावरच हल्ला चढवला : हा जुना कॅथलिक, ज्यू मित्र बाळगणारा, मतलबापुरता नाझी. पक्षातली त्याची पदे गेली, प्राध्यापकी मात्र १९४५ पर्यंत राहिली. युद्धानंतर अमेरिकनांनी त्याला छावणीत स्थानबद्ध करून ठेवले. १९४७ मध्ये न्यूरेंबर्गला, नाझींवरील खटल्यांतील अभियोक्ता रॉबर्ट केम्प्नर याने त्याची चौकशी केली, पण आरोप ठेवले गेले नाहीत. नाझी काळातील वर्तन तपासण्याच्या प्रक्रियेला सामोरे जाण्यास त्याने नकार दिला, त्यामुळे विद्यापीठात परतण्याचा मार्ग बंद झाला. तो प्लेटेनबर्गला गेला आणि पुढची चार दशके जवळजवळ तेथेच राहिला. आपल्या घराला त्याने सान काशियानो असे नाव दिले; सत्तेवरून दूर केल्यावर मॅकियाव्हेली ज्या गावी राहिला त्याचे हे नाव. भेटीला विद्वान येत, पत्रे येत, पुस्तके निघत राहिली. ७ एप्रिल १९८५ रोजी, वयाच्या ९६ व्या वर्षी, तो गेला. आपण लिहिले ते चूक होते असे त्याने जाहीरपणे कधीही म्हटले नाही, आणि मृत्यूनंतर प्रसिद्ध झालेल्या त्याच्या वह्यांत ज्यूंविषयीचा द्वेष युद्धानंतरही तसाच दिसतो.

तर मग हा माणूस आपल्या घटनेच्या इतिहासात कोठून आला? १९२८ च्या त्याच्या घटनाशास्त्रावरील ग्रंथात एक भेद आहे. घटना म्हणजे एखाद्या जनतेने आपल्या राजकीय अस्तित्वाविषयी घेतलेला मूळ निर्णय. घटनेतील कलमे हे त्या निर्णयाचे तपशील. दुरुस्तीचा अधिकार कलमांना स्पर्श करू शकतो, मूळ निर्णय मोडू शकत नाही, कारण तो अधिकार स्वतःच त्या निर्णयातून जन्मलेला आहे. १९४९ च्या जर्मन मूलभूत कायद्यात, म्हणजे युद्धोत्तर पश्चिम जर्मनीच्या घटनेत, मानवी प्रतिष्ठा आणि लोकशाहीची तत्त्वे दुरुस्तीच्या कक्षेबाहेर ठेवण्यात आली. फेब्रुवारी १९६५ मध्ये हायडेलबर्ग विद्यापीठाच्या दक्षिण आशिया संस्थेतील डीट्रिश कॉनराड याने बनारस हिंदू विद्यापीठाच्या विधी विभागात दुरुस्तीच्या अधिकारावरील गर्भित मर्यादांविषयी व्याख्यान दिले. त्यात त्याने विचारले : दोन तृतीयांश बहुमताने अनुच्छेद २१, म्हणजे जीविताचा आणि व्यक्तिस्वातंत्र्याचा हक्क, रद्द करता येईल का? भारतात पुन्हा मोगल बादशहा किंवा इंग्लंडचा राजा आणता येईल का? वकील एम. के. नंब्यार यांनी हा युक्तिवाद १९६७ च्या गोलकनाथ खटल्यात मांडला, आणि २४ एप्रिल १९७३ रोजी तेरा न्यायमूर्तींच्या पीठाने सात विरुद्ध सहा अशा मतांनी केशवानंद खटल्यात मूलभूत चौकटीचा सिद्धान्त स्वीकारला. निर्णायक सातवे मत न्यायमूर्ती हंसराज खन्ना यांचे, आणि त्यांनी कॉनराडचा आधार नावानिशी घेतला आहे.

त्या निकालाच्या पाच दिवस आधी, १९ एप्रिल १९७३ रोजी, हान्स केल्सन अमेरिकेत वारला. तारखांचा हा मेळ योगायोगाचा आहे, पण तो दिसल्यापासून मला त्या निकालाकडे वेगळ्या रीतीने पाहता आले. मूळ निर्णय आणि कलमे हा भेद श्मिटचा. परंतु त्या मूळ निर्णयाचे रक्षण करणारा कोण, या प्रश्नाला भारताने दिलेले उत्तर केल्सनचे. श्मिटने ही राखण राष्ट्राध्यक्षाच्या, आणि पुढे नेत्याच्या, हाती दिली होती. आमच्या न्यायमूर्तींनी ती न्यायालयाच्या हाती दिली, म्हणजे जेथे कारणे लेखी द्यावी लागतात, जेथे सहा न्यायमूर्ती विरुद्ध मत नोंदवू शकतात आणि ते मतही छापले जाते. ज्याला कोलोनमध्ये एकटे सोडले त्याच्याच संस्थेच्या स्वाधीन श्मिटचा विचार झाला, आणि तेथे त्याचा अर्थ बदलला. म्हणून त्या ज्युनिअरला माझे उत्तर असे : हो, खटकते, आणि खटकत राहिले पाहिजे. तो भेद आपण वापरावा, पण तो ज्या हातून आला त्या हाताने पुढे काय लिहिले हे शिकवल्याशिवाय शिकवू नये.

याला एक पुरवणी आहे. तीन वर्षांनी त्याच खन्नांसमोर श्मिटचा प्रश्न उघडा होऊन आला. आणीबाणीत, अटक झालेला माणूस न्यायालयात दाद मागू शकतो का? एखाद्या पोलिसाने वैयक्तिक वैरातून कोणाला ठार मारले तर काय, असे खन्नांनी विचारले, आणि आणीबाणी असेपर्यंत तेव्हाही दाद नाही, असे महान्यायवादी निरेन डे यांनी सांगितले. २८ एप्रिल १९७६ रोजी जबलपूर खटल्यात चार न्यायमूर्तींनी ते मान्य केले, एकट्या खन्नांनी नाही. जानेवारी १९७७ मध्ये त्यांना डावलून सरन्यायाधीशपद दुसऱ्याला दिले गेले आणि त्यांनी राजीनामा दिला. बहुमताचा तो निकाल २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने चुकीचा ठरवला.

हे सारे मी गेल्या शनिवारी वाचून दाखवले. ती मुलगी शेवटपर्यंत ऐकत होती. मग म्हणाली, "लाइपझिगला श्मिटच्या समोर जे वकील होते, त्यांचे पुढे काय झाले?" हेरमान हेलर ज्यू होता आणि समाजवादी होता. हिटलर सत्तेत आल्यावर तो जर्मनीला परतला नाही, आणि ५ नोव्हेंबर १९३३ रोजी माद्रिदमध्ये, बेचाळिसाव्या वर्षी, हृदयविकाराने गेला. राज्यशास्त्रावरचा त्याचा ग्रंथ अपुरा राहिला होता. तो पुढच्या वर्षी प्रसिद्ध झाला. लोकशाहीला काही एक सामाजिक एकजिनसीपणा लागतो, पण पराकोटीची आर्थिक विषमता असेल तर तो येऊच शकत नाही, हे त्याने १९२८ मध्येच लिहून ठेवले होते. मी हे सांगितले तेव्हा तिने वही पुन्हा उघडली आणि पुढच्या शनिवारी श्मिटऐवजी हेलर घ्यावा असे सुचवले. हेलरचे इंग्रजीत आलेले थोडे लेखन मी आता मागवले आहे.